एका झग्यावर सासर-माहेर

भाच्यानं इटलीतल्या बर्गामोहून आणलेला पत्त्यांचा कॅट आठ दिवस माझ्या टेबलावर पसरलेला आहे. मूळ नव्हे, प्रतिकृती. तरी हात पुसूनच उचलते. एकेक पान १७ सेंटीमीटर उंच. पिसायला माझा पंजा पुरत नाही.

मूळ पानं पंधराव्या शतकाच्या मध्यातली, मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्याची. नाणी, पेले, तलवारी, दंड असे चार रंग आणि वर चित्रांचे हुकूम. चित्रांमागे सोन्याचा वर्ख, त्यावर ठशांनी उमटवलेली नक्षी.

मी अडकले ती सम्राज्ञीच्या पानापाशी. तिच्या सोनेरी झग्यावर दोन खुणा पुन्हा पुन्हा येतात. एकमेकींत गुंतलेल्या तीन अंगठ्या, त्या स्फोर्झांच्या. डहाळ्या खोवलेला मुकुट विस्कोंतींचा. सासर आणि माहेर एकाच कापडावर!

फ्रान्चेस्को स्फोर्झा हा भाडोत्री फौजेचा सेनापती. १४४१ मध्ये त्यानं मिलानच्या ड्यूकच्या एकुलत्या एका मुलीशी, बिआन्का मारियाशी लग्न केलं. ती अनौरस होती. १४४७ मध्ये ड्यूक वारला, औरस वारस नव्हता, मिलानकरांनी प्रजासत्ताक उभारलं. जावयानं शहराची रसद तोडली, माणसं उपाशी मरू लागली, आणि १४५० मध्ये तो ड्यूक झाला. गादी अशी मिळालेली, पण दिसायला हवी होती वारशाची. म्हणून साध्या अंकांच्या पानांवरही फितीवर विस्कोंतींचं जुनं ब्रीद येतं, ‘आ बाँ द्र्वा’: न्याय्य हक्कानं. तो हक्क बिआन्काच्या माहेरचा होता. ती नसती तर ही फीत कुणाच्या नावानं मिरवली असती?

आजोबांच्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत राजा म्हणजे विष्णूचा अवतार. दिवसा डाव रामाच्या रंगानं उघडायचा, रात्री कृष्णाच्या. देवाच्या जागी स्वतःचं घराणं बसवलेले पत्ते मी पहिल्यांदाच हाताळते आहे.

७४ मूळ पानं उरली आहेत: न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात ३५, बर्गामोच्या आकादेमिया कारारात २६, कोलेओनी घराण्याकडे १३. सैतान, मनोरा, नाण्यांचा स्वार आणि तलवारींची तिर्री सापडत नाहीत. माझ्या कॅटात ती चार नव्यानं रंगवून घातली आहेत. सुबक आहेत, पण मी ती काढून वेगळ्या पाकिटात ठेवली.