उत्तराची सोय नसलेली चर्चा

2024 साली ईद-ए-मिलाद 16 सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी 17 सप्टेंबरला आल्यामुळे मुंबईतील मुस्लिम संघटनांनी जुलूस 18 तारखेला काढण्याचे ठरवले. 2023 मध्येही असाच समंजसपणा दिसला होता. तरीही भायखळ्यातील आमच्या वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुठल्यातरी परगावचे जुने व्हिडिओ फिरू लागले आणि शेजारी एकमेकांना टोचून बोलू लागले. 1992-93 च्या दंगलींनंतर या शहरात मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, त्याच कामातले आम्ही काही जण. त्यामुळे हे पाहत बसणे आम्हाला शक्य नव्हते.

तैवानमध्ये 2015 साली उबरच्या नियमांविषयी लोकांची मते अजमावताना 'पॉलिस' (Polis) ही ऑनलाइन प्रणाली वापरली गेली होती. तिच्यात छोटी विधाने मांडायची आणि इतरांनी सहमत, असहमत किंवा 'पास' एवढेच नोंदवायचे; विधानाला उलट उत्तर देण्याची सोयच नसल्यामुळे शब्दाने शब्द वाढत नाही. एकसारखी मते देणाऱ्यांचे गट प्रणाली स्वतः पाडते आणि सर्व गटांना मान्य असलेली विधाने वेगळी काढून दाखवते. आम्ही तीच वापरली आणि सहभाग निनावी ठेवला.

खरा कस लागला तो विधाने तपासताना. 'त्यांचा गोंगाट बंद करा' अशा आशयाची विधाने दोन्हीकडून आली. ती आम्ही रोखली आणि त्यांच्यामागचे गाऱ्हाणे ओळखून 'रात्री दहानंतर कोणत्याही मिरवणुकीत डीजे नको' असे नवे विधान घातले. साधा फोन वापरणारी वडीलधारी मंडळी सुटू नयेत म्हणून कॉलेजच्या मुली दुपारी चाळीच्या गॅलरीत बसून त्यांना एकेक विधान वाचून दाखवत आणि मत नोंदवून घेत. माझ्या मते एवढी मेहनत घेतली नसती, तर जे ग्रुपवर आधीच मोठ्याने बोलत होते, त्यांचेच मत पुन्हा मोजले गेले असते.

दहाची मर्यादा, रुग्णवाहिकेसाठी मोकळी वाट आणि खातरजमा न केलेला व्हिडिओ पुढे न पाठवणे, या तिन्ही गोष्टींवर दोन्ही गट एकमत निघाले, आणि पोलीस ठाण्यातील शांतता समितीच्या बैठकीत आम्ही त्या मांडल्या. मंडप आणि नमाजासाठी रस्ता अडवण्याच्या प्रश्नावर मात्र मते दुभंगलेलीच राहिली. तो प्रश्न आम्ही स्क्रीनवर ताणला नाही. दोन्हीकडच्या माणसांना समोरासमोर बसवून त्यावर बोलणे चालू आहे.