पळणारी जाड अक्षरं

परवा भर दुपारी रविवार कारंजावर अडकलो. पुढे एक टेम्पो, ढिम्म उभा. त्याच्या पाठीवर इंग्रजीत ट्रान्सपोर्टचं नाव. चांगली वीतभर जाड अक्षरं, प्रत्येकाच्या पायात चौकोनी बूट, म्हणजे तळाशी जाड आडवी पट्टी, आणि सगळी पुढे झुकलेली, बस चुकत असल्यासारखी. टेम्पो दहा मिनिटं जागचा हलला नाही. अक्षरं मात्र पळतच होती.

मला काका आठवले. त्यांच्या सायकलच्या दुकानाचा बोर्ड रंगवायला पेंटर आला होता. खडूची पूड लावलेला दोरा त्याने पत्र्यावर ताणला, टिचकी मारली, की सरळ पांढरी रेघ. मी नुसता दोरा धरायचं काम मागत होतो. काकांची मागणी साधी होती: "अक्षर जाड पाहिजे, पार चौकातून दिसलं पाहिजे. आणि जरा स्पीड पाहिजे." पेंटरने काकांच्या पोटाकडे पाहिलं. "शेठ, जाड आणि स्पीड? एक काय ते सांगा." काका खो खो हसले. पण दोन्ही घेतलं. पेंटरने बुटांना दोन हात जास्त दिले. म्हणाला, पळणाऱ्याचे पाय भक्कम पाहिजेत.

तसं तिरपं आणि बूटवालं, ही जोडी विजोडच. तिरपं अक्षर मूळचं व्हेनिसचं. १५०१ साली आल्डस मनुशियस नावाच्या मुद्रकाने छापलेल्या छोटेखानी पुस्तकांतून आलेलं, शिडशिडीत, हाताने लिहिल्यासारखं. बूटवालं लंडनचं, त्यानंतर तीनशेएक वर्षांनी आलेलं, भिंतीवरच्या जाहिरातींतून ओरडणारं. त्याला 'इजिप्शियन' म्हणायचे. का, तर तिकडे तेव्हा इजिप्तचं खूळ होतं, बाकी काही नाही. आपल्याकडे नाही का, 'काश्मिरी' पुलाव?

देवनागरीला बूट लागतच नाहीत. आपली अक्षरं जमिनीवर उभी कुठे असतात? ती शिरोरेषेला टांगलेली. कॉम्प्युटरवर तिरपी केली, की दोरीवरच्या कपड्यांत वारा शिरल्यासारखी दिसतात. लग्नपत्रिकेत 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असं तिरपं छापलेलं आलं, की मी मान वाकडी करून वाचतो. घरच्यांना वाटतं, मान धरली.

मागून हॉर्न वाजले. टेम्पो हलला आणि मेन रोडकडे वळला.

काकांचं दुकान आता नाही. काकाही नाहीत. तो पत्रा चुलतभावाच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आहे. दर पावसाळ्यात थोडा थोडा रंग गेला. गेल्या दिवाळीत वर गेलो होतो, तेव्हा नाव काही लागेना. नुसते बूट राहिलेत, ओळीने.