एका लोडिंगमध्ये पाच शर्ट

आमच्या घरात वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायचं काम माझ्याकडे आलं ते एका गेममुळे.

२०२३च्या ऑगस्टमध्ये ‘बाल्डर्स गेट ३’ पीसीवर आला. मुलगी झोपली की रात्री साडेदहा ते साडेअकरा हा माझा खेळायचा तास. या गेममध्ये उठता-बसता फासा टाकावा लागतो. कुलूप उघडायचंय, फासा. पहारेकऱ्याला थाप मारायचीय, फासा. फासा उलटा पडला की मी, खोटं कशाला बोलू, सरळ एफ८ दाबून मागच्या सेव्हवर जायचो. आणि मग लोडिंग. एकदा बायको पाणी प्यायला उठली तर स्क्रीनवर एक चित्र, परत जाताना पाहते तर तेच चित्र. “नुसताच बसलायस ना? मग हे घे,” म्हणत तिने दोरीवरून काढलेला ढीग माझ्या मांडीवर टाकला. एका लोडिंगमध्ये पाच शर्ट व्हायचे.

शेवटी मोबाइलचं स्टॉपवॉच लावलं. तीन वेळा मोजलं, सरासरी आली १ मिनिट ३८ सेकंद. रात्रीतून दहा-बारा वेळा एफ८ धरलं, तर माझ्या एका तासातली पंधरा-वीस मिनिटं शर्टांना जात होती.

पीसी २०१८ सालचा. रायझन ५ २६००, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, १६ जीबी रॅम आणि एक टीबीची ७२०० आरपीएमची हार्ड डिस्क. ग्राफिक्स कार्ड मी मध्ये बदललं होतं. डिस्ककडे मात्र कधी लक्षच दिलं नाही, कारण ती चालू होती. गेमच्या गरजांच्या यादीत स्पष्ट लिहिलं होतं: १५० जीबी जागा, एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) आवश्यक. मी ते मेडिकलच्या बिलावरच्या अटी वाचतात तितक्याच मन लावून वाचलं होतं. सेटिंग्जमध्ये ‘स्लो एचडीडी मोड’ नावाचा एक पर्यायही दिलाय. तो टिक करून पाहिला. थांबणं काही सुटलं नाही.

मग एके रात्री लोडिंग चालू असताना टास्क मॅनेजर, म्हणजे पीसीतला कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून ठेवला. डिस्क १०० टक्के. प्रत्यक्षात वाचते किती, तर सेकंदाला कधी ३० एमबी, कधी ४. हीच डिस्क मोठा व्हिडिओ कॉपी करताना आरामात सव्वाशेच्या पुढे जाते. आणि प्रोसेसर? वीस टक्क्यांवर पेंगत होता.

याचं कारण डिस्कच्या पोटात आहे. तबकडी मिनिटाला ७२०० वेळा म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. हवा असलेला तुकडा हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी थांबायचं, म्हणजे चारेक मिलिसेकंद. त्याआधी हेड त्या वर्तुळापर्यंत सरकवायला आणखी आठ-नऊ. एका तुकड्याला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी तुकडे. व्हिडिओची फाइल सलग असते, एकदा हेड बसलं की वाचत सुटतं. गेमचा एक प्रसंग उभा करायचा तर भिंती-कपड्यांचे पोत, आवाज, झाडं, माणसं असे हजारो तुकडे डिस्कभर विखुरलेले असतात. किराणा दुकानात एकच पोऱ्या आहे, यादी चाळीस जिन्नसांची आहे, आणि प्रत्येक जिनसासाठी तो शिडी सरकवून वर चढतोय, असं समजा. पोऱ्या आळशी नाही, शिडी एकच आहे. एसएसडीत शिडीच नसते. तबकडी नाही, हेड नाही, तुकडा मिळायला मिलिसेकंदाचा दहावा भागसुद्धा पुष्कळ होतो.

पैसे घालण्याआधी खात्री करावी म्हणून मावसभावाकडून त्याची जुनी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच केबलवर चालणारी, दोन दिवसांसाठी आणली. अडीच इंची, पत्त्यांच्या कॅटपेक्षा पातळ डबी. केबल जोडली, गेम त्यावर हलवला, एफ८ दाबलं. २२ सेकंद. मी पुन्हा मोजलं. २२च. दुसरा शर्ट अर्धवट घडीत आणि गेम सुरू.

इथे माझी हाव वाढली. साटाला ६ गिगाबिट प्रतिसेकंदाची मर्यादा असते, प्रत्यक्षात साडेपाचशे एमबीच्या आसपास मिळतात. माझ्या बोर्डावर एम.२चा रिकामा स्लॉट होता. त्यात एनव्हीएमई, म्हणजे साटाची वाट सोडून जास्त वेगाच्या वाटेने बोलणारी एसएसडी, बसवली तर साडेतीन हजार. सहापटीहून जास्त! साध्या त्रैराशिकाने मी २२ भागिले ६ केलं आणि साडेतीन-चार सेकंदांची स्वप्नं बघत डोंबिवलीहून दादर आणि तिथून ग्रँट रोडला उतरलो. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची दुकानं असलेल्या तिथल्या लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण त्या नावाने पत्ता विचारून पाहा, लोक तुमच्याकडेच बघतील.

“शेठ, एक टीबीची एम.२ द्या.”

“एम.२ कोणती? साटा का एनव्हीएमई?”

हा प्रश्न ऐकून मला घाम फुटला, कारण मी एम.२ म्हणजेच एनव्हीएमई समजत होतो. एम.२ हा नुसता आकार. २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब, म्हणून २२८०. च्युइंगगमच्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या त्या तुकड्यात आत साटाही असू शकते. शेठने दोन पट्ट्या काउंटरवर ठेवून सोनेरी टोकं दाखवली. एनव्हीएमईला एकच खाच होती, साटावालीला दोन. “बोर्ड कुठला? बी४५०? मग जेन थ्रीच, तिसऱ्या पिढीचीच चालणार. जेन फोर घेतलीत तरी स्पीड थ्रीचाच. पैसे जास्त झालेत का?” दुकानदार महाग वस्तू घेऊ नका म्हणतो, असं त्या रस्त्यावर माझ्यासोबत पहिल्यांदाच घडलं. साडेचार हजारांच्या आत काम झालं. आताचे भाव विचारू नका.

रविवारी दुपारी कॅबिनेट उघडलं. पट्टी तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवली आणि बोट काढलं. पट्टी तीसेक अंशांवर वर उठून उभी. ती दाबून ठेवायला टोकाशी एक बारीक स्क्रू लागतो, तो मदरबोर्डच्या खोक्यात येतो, आणि खोकं माळ्यावर. माळ्यावरून खोकं निघालं. त्यात जॉयस्टिक निघाली, हरवलेला टॉर्च निघाला, मॅन्युअल निघालं, स्क्रू नाही. घरातले सगळे स्क्रू लावून पाहिले, सगळे हत्तीचे. शेवटी नाक्यावरच्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने डबीत चुंबक फिरवून एक तांदळाएवढा स्क्रू दिला आणि पैसे घेतले नाहीत. तो पिळायला चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर बायकोच्या पर्समधून आला.

बटण दाबलं. काळ्या स्क्रीनवर ओळ: बूट डिव्हाइस सापडत नाही.

पोटात गोळा आला. जुन्या डिस्कवर मुलीचे जन्मापासूनचे फोटो होते, आणि बॅकअप ‘पुढच्या रविवारी’ होता. केबल काढून लावली, पुन्हा तेच. पंधरा मिनिटं मी कॅबिनेटसमोर फरशीवर बसून होतो. मग माळ्यावरून खाली आलेलं मॅन्युअल आठवलं. त्यात साटाच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत टीप होती: एम.२ स्लॉट वापरात असेल तर साटा ५ आणि ६ हे पोर्ट बंद राहतील. दोघांची वाट आत एकच असते. माझी डिस्क ज्याने जोडली त्याने ती ५ मध्ये जोडली होती. केबल १ मध्ये घातली, विंडोज उघडलं, आणि सगळ्यात आधी फोटोंचा बॅकअप घेतला. पेन ड्राइव्हवर, तिथल्या तिथे.

विंडोज नव्या पट्टीवर कोरं टाकलं. जुन्याचा क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, करता आला असता, पण पाच वर्षांचा कचरा कोण वाहणार? एक गोष्ट बरी केली: इन्स्टॉल होईपर्यंत जुन्या डिस्कची केबल काढून ठेवली. नाहीतर बूटची फाइल जुन्या डिस्कवर जाऊन बसते आणि पुढे ती डिस्क काढली की नवं विंडोजही उठत नाही. मग स्टीम या गेम विकत घ्यायच्या-चालवायच्या अ‍ॅपमधून गेमचं फोल्डर हलवायला लावलं. दीडशे जीबी, पाऊण तास, जुनी डिस्क सगळा वेळ करकरत होती.

आता एफ८. स्टॉपवॉच. १९ सेकंद.

साडेतीन नाही, एकोणीस. सहापट वेगाची पट्टी आणि फायदा तीन सेकंदांचा. मला वाटलं पट्टी चुकीची बसली. वेग मोजला तर तो चोख ३४००च्या वर. मग पुन्हा टास्क मॅनेजर उघडला आणि चित्र उलटं दिसलं. डिस्क एक झटका मारून दहा-पंधरा टक्क्यांवर गप्प, आणि प्रोसेसरचा एक कोर छताला. पोऱ्याने माल क्षणात आणून टाकला होता, आता गल्ल्यावरचा माणूस पुड्या सोडत बसला होता. डिस्कवर सगळं दाबून बांधलेलं असतं, ते उलगडायचं, जग मांडायचं, पात्रं उभी करायची, ही कामं प्रोसेसरची. डिस्क कितीही पळाली तरी ती होत नाहीत.

याचा टोकाचा नमुना ‘जीटीए ऑनलाइन’चा. २०२१ साली एका प्रोग्रॅमरने त्याचं सहा मिनिटांचं लोडिंग उसवून पाहिलं. डिस्कचा दोष नव्हताच. १० एमबीच्या एका यादीत ६३ हजार नोंदी होत्या, आणि प्रत्येक नोंद वाचताना प्रोग्रॅम उरलेल्या मजकुराची लांबी पुन्हा पहिल्यापासून मोजत होता. त्याने ही आणि अशीच आणखी एक चूक दुरुस्त केली आणि वेळ सुमारे ७० टक्क्यांनी घटला. गेम बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने ती सुधारणा स्वीकारून त्याला १० हजार डॉलर दिले.

प्लेस्टेशन ५ मध्ये म्हणूनच नुसती ५.५ जीबी प्रतिसेकंदाची एसएसडी नाही, गाठोडी सोडायला वेगळं हार्डवेअरच बसवलंय. २०२० मध्ये ते समजावताना त्याचे मुख्य रचनाकार मार्क सर्नी यांनी ‘स्पायडरमॅन’चं उदाहरण दिलं होतं: हार्ड डिस्कच्या काळात हेडची पळापळ वाचावी म्हणून टपालपेटीसारख्या वस्तूंच्या ४००-४०० प्रती डिस्कवर ठेवाव्या लागत. साखरेचं पोतं दुकानाच्या प्रत्येक कोपऱ्यात ठेवावं तसं. ‘हेलडायव्हर्स २’ने २०२५च्या डिसेंबरात अशीच पोती उचलली, तर पीसीवरचा गेम साधारण १५४ जीबीवरून २३ जीबीवर आला. पीसीवर गाठोडी ग्राफिक्स कार्डाकडून सोडवून घ्यायची सोय मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टस्टोरेजमध्ये आहे, पण ती वापरणारे गेम अजून मोजकेच.

तेव्हा मित्र विचारतात त्यांना मी सांगतो: हार्ड डिस्कवर असाल तर आजच उठा, कुठलीही बरी एसएसडी घ्या. साटावर असाल आणि नुसत्या लोडिंगसाठी बदलायची म्हणत असाल तर बसा. मी स्वतः एनव्हीएमई घेतल्याचा पश्चात्ताप करत नाही. भावात फरक थोडा होता आणि दोन केबल वाचल्या. त्रैराशिकाची मात्र लाज वाटते.

जुनी डिस्क अजून साटा १ वर आहे, त्यावर फोटोंची दुसरी प्रत असते. आणि कपडे? १९ सेकंदांत मोज्यांची एक जोडी होते, तीही सापडली तर. परवा सोफ्यावर दोन दिवसांचा ढीग बघून बायको म्हणाली, “ती जुनी डिस्क परत लाव बरं.”