गादीनं प्यायलेलं रक्त

रात्रपाळी संपवून साडेनऊला घरी आले. अंघोळ झाली, चहा झाला, झोप काही येईना. उजव्या हाताचा अंगठा अजून बधिर आहे. लिहून टाकते.

ती २ वाजून १० मिनिटांनी बाळंत झाली. दुसरी खेप, सगळं सुरळीत. बाळ रडलं, मिनिटाच्या आत मांडीत गर्भपिशवी आवळायच्या औषधाची, ऑक्सिटोसिनची, १० युनिटं गेली, थोड्या वेळात वार पडली, तपासली तर पुरी होती. मी मनातल्या मनात केसपेपर भरायला घेतलासुद्धा.

मग पोटावर हात ठेवला. एरवी बेंबीशी नारळासारखी टणक गर्भपिशवी लागते. काल सैल भिजवलेल्या कणकेत हात घातल्यासारखं झालं. चोळलं की आवळायची, हात काढला की पुन्हा ढिली. रक्ताची धार नव्हती, नुसतं झिरपत होतं. तेच फसवं. धार असती तर व्हरांड्यात डुलक्या घेणारी सासूसुद्धा धावली असती.

"सिस्टर, लई तहान लागलीय," ती म्हणाली.

बीपी ११०/७०. झकास! आणि नाडी ११८. तरण्या बाईचं बीपी शेवटपर्यंत तग धरतं, नाडी आधी चुगली करते, हे इनचार्ज सिस्टरांनी माझ्या डोक्यात पक्कं बसवलंय. डॉक्टरांना क्वार्टरवर फोन लावला. जोडीदारणीनं दुसऱ्या हाताला १६ नंबरची सुई लावून आरएलच्या बाटलीतून ऑक्सिटोसिनची आणखी २० युनिटं शिरेत सोडली. मावशींना सांगितलं, घड्याळाखाली उभ्या राहा आणि दर पाच मिनिटांनी वेळ ओरडा. नाहीतर नंतर कुठलं औषध कधी दिलं ते कुणालाच आठवत नाही, आणि कागदावर सगळ्या वेळा गोल गोल येतात.

"दोन पस्तीस!" मावशी ओरडल्या, आणि मला एकदम लघवीचं आठवलं. बाराच्या सुमाराला जाऊन आली होती, त्यानंतर नाहीच. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला तर ४५० मिली. मूत्राशय असं फुगून बसल्यावर पिशवी आवळणार कशी? हे मला पंचवीस मिनिटं उशिरा सुचलं. त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

तोवर डॉक्टर आले. रक्तस्राव थांबवायचं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम, दहा मिनिटांत हळूहळू शिरेतून. पावणेतीनपर्यंत पिशवी हाताला घट्ट लागायला लागली, झिरपणं थांबलं. १०८ ला फोन करावा लागला नाही.

"किती गेलं?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, तीनशे असेल.

सकाळी इनचार्ज सिस्टर आल्या. काही न बोलता त्यांनी भिजलेले पॅड आणि कापडं पिशवीत भरून बाळाच्या वजनकाट्यावर ठेवली. रात्री त्याच काट्यावर बाळ २ किलो ९०० भरलं होतं. कोरड्याचं वजन वजा जाता ७४० ग्रॅम, म्हणजे साधारण तेवढेच मिली. पाचशेच्या पुढे गेलं की अतिरक्तस्राव धरायचा असतो. शिवाय रेक्झिनच्या फाटक्या शिवणीतून गादीत मुरलं ते वेगळंच, ते कोण मोजणार? ती गादी बदलायचा अर्ज त्यांनी कितव्यांदा लिहिलाय, देव जाणे.

३०० वर एक आडवी रेघ मारली, शेजारी ७४० लिहून सही केली. मावशींनी काटा दोनदा पुसला.

आठला तिची नाडी ८८. हँडओव्हर देताना "कॅथेटर काढल्यावर लघवीला उठवणे" हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा ऐकताना दिवसपाळीची सिस्टर माझ्याकडे जरा विचित्रच बघत होती.