उलटा घातलेला कप

जोहान्सबर्ग, रविवार रात्र

आज ऑफिसातल्या एका बाईंबरोबर अपार्थाइड म्युझियमला, म्हणजे इथल्या वर्णभेदाच्या संग्रहालयात गेले होते. बाई साठीच्या, सोवेटोत, म्हणजे इथल्या काळ्या लोकांच्या वस्तीत वाढलेल्या. तिथल्या तिकिटावर 'गोरे' नाहीतर 'गोरेतर' असं येतं, कुणाला काय मिळेल सांगता येत नाही, आणि आत जायची दारंही त्याप्रमाणे वेगळी. मला 'गोरे' आलं, त्यांना 'गोरेतर'. काही न बोलता आपापल्या दारानं गेलो.

आत जुन्या ओळखपत्रांपाशी त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. १९५२च्या कायद्यानं काळ्या माणसांच्या हाती पासबुक दिलं, सतत जवळ बाळगायचं ओळखपत्र. लोक त्याला 'दोम्पास' म्हणायचे, म्हणजे मूर्ख पास. शहरात ७२ तासांहून जास्त राहायचं तर त्यात परवानगीचा शिक्का हवा. कोपऱ्यावर पाव आणायला जाताना तो घरी विसरला, की थेट कोठडी. बायकांवर ही सक्ती नको म्हणून ९ ऑगस्ट १९५६ला सुमारे २०,००० जणी प्रिटोरियात सरकारच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तरी ती आलीच. बाईंनी स्वतः १६व्या वर्षापासून पास बाळगला, १९८६मध्ये कायदा रद्द होईपर्यंत.

पण परतताना गाडीत बाई पासबद्दल बोलल्याच नाहीत. आईबद्दल बोलल्या. आई गोऱ्या वस्तीत घरकामाला, राहायला मागच्या आवारातली खोली. पोरांना तिथे राहायची मुभा नाही. आई भेटायची ती गुरुवारी दुपारी, सुट्टीच्या वेळात. मालकिणीची पोरं तिनंच वाढवली, जेवण तिनंच रांधलं, पण तिचा चहा पत्र्याच्या मगातून. तो मग सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी.

"पास कायद्यानं होता," त्या म्हणाल्या. "मगाचा कायदा कुणीच केला नव्हता."

मला आमचं गावचं घर आठवलं. पडवीत वळचणीला उलटा घातलेला एक कप असायचा, कान तुटलेला. शेतावर कामाला येणाऱ्या गड्यासाठी. आजी त्यात वरून चहा ओतायची, कपाला किटली लागू न देता. अस्पृश्यता पाळणं हा आपल्याकडे १९५५पासून गुन्हा आहे. मी ते पाहिलं १९८८-८९ साली. आजीचा माझ्यावर फार जीव होता. हे लिहिताना हात जड होतोय.

बाईंना सांगितलं सगळं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग एवढंच विचारलं, "तो कप धुवायचं कोण?"

ज्यानं प्यायला, त्यानंच.