तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात सुंदर कोण, ते मी का लिहीत नाही

नवा कोरियन मुलींचा ग्रुप आला, त्यांचं पहिलं गाणं ऐकून-पाहून मी त्यावर लिहिलं, की दोन प्रश्न हमखास येतात. एक, "दहापैकी किती?" आणि दुसरा, "त्यातली सगळ्यात सुंदर कोण वाटली?" दुसरा जास्त वेळा येतो. विचारणाऱ्यांत शाळकरी मुली असतात, त्यांच्या आया असतात. मागे एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं होतं. त्यांची नात दिवसरात्र हेच ऐकते, म्हणून तेही ऐकायला लागलेत. म्हणाले, "तुम्ही ठेक्यावर लिहिता, आवाजावर लिहिता, कॅमेऱ्यावर लिहिता. मग चेहऱ्यांवर एक ओळसुद्धा का नाही? डोळ्यांना पहिलं तेच तर दिसतं."

त्यांचं म्हणणं खरं आहे. पहिलं तेच दिसतं, आणि ते दिसावं म्हणून पुष्कळ पैसा खर्च झालेला असतो. म्हणूनच मी पहिल्यांदा गाणं ऐकते तेव्हा फोन पालथा घालून ठेवते. दुसऱ्यांदा आवाज बंद करून नुसता व्हिडिओ बघते. दोन्ही एकत्र, तिसऱ्या वेळी. ही सवय मला एका गाण्याने लावली, त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्या गाण्यावरूनच देते.

२१ जुलै २०२२, रात्रीचे साडेआठ. बाहेर आषाढातला पाऊस, आणि मी पोळ्या लाटत होते. कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे नुकतीच २२ तारीख लागली होती. भाचीचा मेसेज आला: "मावशी, काहीतरी आलंय. कोण आहेत माहीत नाही. ऐक." मी हात न धुता कोपरानेच फोनवर बोट... म्हणजे कोपरच टेकवलं. फोन ओट्यावर आडवा पडलेला, त्यावर पिठाचा हात लागू नये म्हणून मी तो उपडा केला. अशा रीतीने न्यूजीन्स या पाच मुलींच्या ग्रुपचं 'अटेन्शन' मी आधी नुसतं ऐकलं.

भाची "कोण आहेत माहीत नाही" म्हणाली, त्यात फार मोठी गोष्ट होती. कोरियात नवा ग्रुप येतो तो वाजतगाजत येतो. आधी कंपनीचं बोधचिन्ह, मग एकेका मुलीचा फोटो, मग तिचं नाव, मग दोन-चार सेकंदांचे टीझर, मग अल्बममधल्या सगळ्या गाण्यांचे तुकडे. गाणं येईपर्यंत चाहत्यांनी आपली आवडती मुलगी, म्हणजे 'बायस', निवडलेलीसुद्धा असते. गाणं ऐकण्याआधीच चेहऱ्यांची पसंती होऊन जाते. 'अडोर' या कंपनीने, म्हणजे तेव्हाच्या प्रमुख मिन ही-जिन यांनी, हे सगळं बाजूला ठेवलं आणि थेट पूर्ण व्हिडिओ समोर आणला. मुली किती, हे त्या रात्री व्हिडिओ बघूनच लोकांना कळलं, आणि त्यांची नावं तर त्यानंतर. यामागेही धंद्याचा हिशेब होताच, तो मी नाकारत नाही. पण ऐकणाऱ्याला त्यातून जे मिळालं ते दुर्मिळ होतं: आधी गाणं.

तर गाणं. त्या काळात मुलींच्या ग्रुपचं पदार्पण म्हणजे दणका, असं समीकरण झालं होतं. जड ढोल, मध्येच रॅप, मुखड्याला सगळं अंगावर कोसळणार आणि शेवटी कुणीतरी एक उंच सूर ताणून धरणार. 'अटेन्शन'मध्ये यातलं काहीच नाही. ठेका आहे, टाळ्यांसारखा, कमरेला हलवणारा, पण तो आवाजांच्या खाली राहतो. वर पाच गळे, एकमेकांत सरकणारे. एकीची ओळ संपायच्या आत दुसरीचा श्वास ऐकू येतो. तो श्वास कापून टाकता आला असता. आजकाल तो सर्रास कापतात. इथे ठेवलाय. मला त्या रात्री सगळ्यात आधी तोच आवडला. कुणीतरी खरंच गातंय, जवळ उभं राहून गातंय, असं वाटलं. पोळी तव्यावर करपली तरी मी हलले नाही.

संगीत ज्याचं आहे तो '२५०' असं आकड्याचंच नाव लावतो. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचा स्वतःचा एक अल्बम आला होता. कोरियातलं जुनं 'पोंगचाक' संगीत, म्हणजे हायवेवरच्या थांब्यांवर कॅसेटवर वाजणारं, शिकल्यासवरल्यांनी नाक मुरडलेलं, त्याचा माग काढणारा. जो माणूस त्या संगीतात वर्षानुवर्षं बुडाला होता, तोच इथे इतकं मोकळं, हवेशीर काही करतो, हे कळल्यावर मी दोन्ही पुन्हा शेजारी ठेवून ऐकली. साधर्म्य सुरांत नाही. दोन्हीकडे सारखी आहे ती रिकामी जागा. कुठे थांबायचं, काय वाजवायचं नाही, हे त्याला कळतं. पुढच्या वर्षी कोरियन म्युझिक अवॉर्ड्समध्ये त्याचा तो अल्बम वर्षातला सर्वोत्तम ठरला आणि 'अटेन्शन' सर्वोत्तम के-पॉप गाणं.

गीतकारांच्या नावांत डॅनियलचंही नाव आहे. पाचांतली एक, तेव्हा सतरा वर्षांची.

आवाज बंद करून व्हिडिओ पाहिला तो जेवणानंतर. चित्रीकरण बार्सिलोनाचं. स्वच्छ ऊन, सैल जीन्स, खेळाडूंचे असतात तसे टी-शर्ट, जवळजवळ न दिसणारा मेकअप आणि पाठीवर मोकळे सोडलेले लांब केस. आधी एका मैफलीचा प्रसंग येतो. मला तो लांबलेला वाटला, आजही वाटतो. गाणं तीन मिनिटांचं असताना त्याला एवढी प्रस्तावना नको होती. पण नाच सुरू झाला की तक्रार राहत नाही. कोरियन चाहत्यांचा एक शब्द आहे, 'कालगुन्मू'. सगळ्यांचे हात-पाय एकाच कोनात, सुरीच्या पात्यासारखा धारदार समूहनाच. बहुतेक ग्रुपची परीक्षा त्याच्यावर होते. इथे पाचही जणी एकाच जागी पोचतात, पण प्रत्येक जण आपल्या वाटेने. एकीचा खांदा आधी निघतो, दुसरीचा गुडघा. केस मोकळे असल्यामुळे मान वळली की ते किंचित उशिरा येतात आणि त्या उशिराने ठेका डोळ्यांना दिसायला लागतो. हे आपोआप होत नाही. इतकं सैल दिसायला किती घोटावं लागतं, ते नाचणाऱ्यालाच माहीत. आवाज बंद असताना मला समेची जागा त्या केसांवरून कळत होती.

मग नावं जाहीर झाल्यावर मी त्यांच्या जन्मतारखा शोधल्या. मिन्जी १८. हॅनी आणि डॅनियल १७. हेरिन १६. हेइन १४.

चौदा. माझी भाची तेव्हा चौदाचीच होती.

त्या क्षणी माझ्या वहीत एक ओळ लिहिलेली होती, कोण कशी दिसते याबद्दलची. मी ती खोडली. त्यानंतर आजवर तशी ओळ लिहिलेली नाही. हे उत्तर पुष्कळांना कडक वाटतं. "कौतुकच तर करतोय," असं मला सांगितलं जातं. पण त्या कौतुकाने होतं काय, ते बघा. पहिल्या आठवड्यात पाच मुलींची एक उतरंड लागते. वरची कोण, खालची कोण. खालचीने गाताना एक अवघड जागा सुंदर काढलेली असते, ती कुणाच्या कानावर पडत नाही, कारण तिच्या वेळी लोक वरचीकडे बघत असतात. मुलगी वर्षानुवर्षं ट्रेनी म्हणून राबते. शाळा, सराव, मासिक परीक्षा, पुन्हा सराव. आणि पहिल्या दिवशी तिला गुण मिळतात ते नाकाडोळ्यांचे, ज्यात तिची काहीच मेहनत नाही. पदार्पण हा तिच्या नोकरीचा पहिला दिवस आहे. मी तिच्या कामाबद्दल लिहीन.

वय माहीत असणं परीक्षणाला लागतंच, हे त्याच पहिल्या मिनी अल्बमने दाखवलं. १ ऑगस्टला तो आला, त्यात 'कुकी' नावाचं गाणं होतं. इंग्रजी जाणणाऱ्या अनेकांनी त्या शब्दाच्या दुसऱ्या, अश्लील अर्थावर बोट ठेवलं आणि इतक्या लहान मुलींच्या तोंडी ते का दिलं, असं विचारलं. कंपनीने खुलासा केला की तसा अर्थ मनात नव्हता. मी खुलासा वाचला. चाल मला आवडते, पण ते गाणं मी भाचीला कधी सुचवलं नाही. संगीत चांगलं असणं आणि ते कुणाकडून गाऊन घ्यावं हा विचार असणं, या दोन्ही गोष्टी परीक्षणात याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

दक्षिण कोरियात अल्पवयीन कलाकारांसाठी कायदा आहे. पंधरा वर्षांखालच्यांना आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत काम करण्यावर निर्बंध आहेत. पण काम म्हणजे काय, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये हॅनी राष्ट्रीय संसदेच्या श्रमविषयक समितीपुढे साक्ष द्यायला गेली होती, कामाच्या ठिकाणच्या वागणुकीबद्दल. पुढच्या महिन्यात कामगार खात्याकडून उत्तर आलं की कामगार कायद्याच्या व्याख्येत ती कर्मचारी बसत नाही. ग्रुप आणि कंपनी यांच्यातला कराराचा वाद पुढे कोर्टात गेला. त्यात कुणाची बाजू खरी, हे मी इथे ठरवणार नाही. पण ते उत्तर वाचून मी दिवसभर अस्वस्थ होते. ज्या मुलीच्या श्वासाची जागासुद्धा मी कान देऊन ऐकली होती, ती कायद्याच्या लेखी कामावर नव्हतीच.

आता "दहापैकी किती"चं थोडक्यात. पहिल्या गाण्याला पहिल्या आठवड्यात गुण देणं मला जमत नाही, कारण ते गाणं पुढे कुठे जाऊन पोचेल ते कुणालाच कळत नसतं. गर्ल्स जनरेशनचं 'इनटू द न्यू वर्ल्ड' ऑगस्ट २००७मध्ये आलं. नऊ मुलींचं पदार्पण, गोड, आशेने भरलेलं गाणं. जुलै २०१६मध्ये सोलच्या एवा महिला विद्यापीठात आंदोलन करणाऱ्या विद्यार्थिनींसमोर पोलीस उभे ठाकले, तेव्हा त्या हातात हात गुंफून हेच गायल्या. डिसेंबर २०२४मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या महाभियोगासाठी संसदेबाहेर गर्दी जमली. कडाक्याच्या थंडीत हातात मेणबत्त्यांऐवजी रंगीत लाइटस्टिक, म्हणजे चाहते मैफलीत हलवतात ते दिवे, आणि पुन्हा तेच गाणं. २००७मध्ये त्याला कुणी दहापैकी सहा दिले असते, तर त्या सहाचं काय करायचं होतं?

राहिली भाची. त्या वर्षी ३१ ऑगस्टला गणपती आले. कोरोनाची दोन वर्षं मंडप सुना गेला होता, त्यामुळे ताईच्या सोसायटीत सांस्कृतिक कार्यक्रमाला नुसता उत्साह होता. भाची आणि तिच्या चार मैत्रिणींनी 'अटेन्शन' बसवलं. महिनाभर जिन्याच्या मधल्या सपाट जागेवर, लिफ्टच्या दाराचा आरसा करून, मोजणी चाललेली. केस मोकळे सोडायचे की नाही यावर घरात वाद झाला, शेवटी मोकळे सोडले. नाचात तीनदा सगळ्यांनी जागा बदलायच्या होत्या. ते एक वळण तिला जमत नव्हतं, डावा पाय उशिरा यायचा.

कार्यक्रम झाला, टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर बायकांनी तिला घेरलं. "किती गोड दिसत होतीस गं!" "केस काय छान!" "अगदी त्या कोरियन बाहुल्यांसारखी!" सगळ्या प्रेमानेच बोलत होत्या. ती हसत होती, थँक्यू म्हणत होती, पण तिचे डोळे माझ्याकडे होते. घोळक्यातून वाट काढत आली, माझा दंड धरला आणि कानाशी येऊन म्हणाली, "मावशी, ते डाव्या पायाचं आलं का?"

मी खरं तेच सांगितलं. तीनपैकी दोनदा आलं. तिसऱ्या वेळी अर्धी मात्रा उशीर झाला, कारण तू शेजारणीकडे बघितलंस. तिने मान हलवली, जरा विचार केला आणि तशीच जिन्याकडे निघाली. पाठोपाठ मीही. तिने मोबाइल पायरीवर टेकवून ठेवला, मी तोंडाने मात्रा मोजल्या. एकदा चुकलं. पुन्हा केलं. पाचव्या-सहाव्या खेपेला पाय जागच्या जागी पडला, केस मागून येऊन खांद्यावर आदळले आणि तिने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या.

"परत एकदा," मी म्हटलं.

वरून ताईची हाक आली, "अगं, साडेदहा वाजले. उद्या शाळा आहे तिला."