पारदर्शक पिवळ्या काचेचे मणी करताना

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे खानदेशची देवी कानबाई बसते. यंदा तिला मी केलेल्या मण्यांची माळ घालायची, आणि ती पिवळीच, तीही आरपार उजेड जाईल अशी, हे उन्हाळ्यातच ठरवलं होतं. लॅम्पवर्क, म्हणजे बर्नरच्या ज्योतीत काच वितळवून मणी घडवण्याचे काम, करणाऱ्याला पिवळा हा सगळ्यात जपून हाताळायचा रंग वाटतो. मलाही वाटतो.

जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि बर्नरपुढे पंखा लावता येत नाही. वाऱ्याने ज्योत हलते, मणी एका अंगाने गार होऊन तडकतो. म्हणून पहाटेच बसायचे. एक्झॉस्ट मात्र कायम चालू, कारण बऱ्याच पिवळ्या काचांत कॅडमियम असते. त्याची वाफ छातीत जाता कामा नये, आणि अशी काच कोरडी घासायचीही नाही.

खरी कसोटी रंग ओळखण्याची. पिवळ्या काचेच्या काही कांड्या अशा असतात की वितळल्या की जवळजवळ पांढऱ्या, पाण्यासारख्या होतात. रंग गेला असे वाटते, पण तो गेलेला नसतो. मणी ज्योतीबाहेर काढून त्याची लाली जाईपर्यंत थांबायचे, मग मंद आचेत पुन्हा हलकेच तापवायचे. या दुसऱ्या तापवण्यात काचेत रंगाचे अतिसूक्ष्म कण वाढतात आणि पिवळा उमलतो. आच जास्त झाली तर तोच पिवळा तपकिरीकडे झुकतो, काचेत बारीक बुडबुडेही येतात. ज्योतीत ऑक्सिजन कमी पडला तरी रंग मळतो. मी मणी ज्योतीच्या टोकाकडे, बर्नरपासून लांब धरते. वेळ लागतो, पण काच स्वच्छ राहते.

डोळ्यांवर डिडिमियमचा चष्मा असतो. तापलेल्या काचेतल्या सोडियमचा ५८९ नॅनोमीटरचा पिवळा झगझगाट तो अडवतो, नाहीतर मणी दिसतच नाही. पण पिवळाच अडवणाऱ्या चष्म्यातून पिवळ्याची पारख कशी करायची? मणी ज्योतीतून बाजूला घेऊन चष्मा वर करूनच रंग ठरवावा.

बांगड्यांचे पिवळे तुकडे वितळवून बघा, असे मला अनेकींनी सुचवले. मी इटलीतल्या मुरानोच्या, १०४ प्रसरणांकाच्या कांड्या वापरते; तापल्यावर काच किती प्रसरण पावते, ते हा आकडा सांगतो. बांगडीच्या काचेचा प्रसरणांक ठाऊक नसतो, आणि न जुळणाऱ्या दोन काचा एका मण्यात आल्या की गार होताना चिरतात. त्यामुळे त्या वाटेला गेले नाही. चांदीचा वर्ख मात्र लावून पाहिला. साध्या पारदर्शक काचेखाली तो सोनेरी झाक देतो, पण माझ्या पिवळ्या काचेखाली काळवंडला. पिवळ्यातल्या गंधकाशी चांदी आणि तांबे दोन्ही जुळवून घेत नाहीत, त्यामुळे तांब्याच्या फिरोजी काचेलाही त्याच मण्यात शेजारी बसवू नये, सांध्यावर काळपट रेघ उमटते. पांढऱ्या मण्यावर पिवळ्याचा पातळ थर दिला तर रंग जास्त उजळतो, हे खरे. पण मग उजेड आरपार जात नाही, म्हणून मी नुसता पिवळाच ठेवला.

शेवटी भट्टी. काचेतला ताण जावा म्हणून मणी तिच्यात सुमारे ५२० अंशांवर ठेवून मग हळूहळू खाली आणायची. वीज गेली तर दार उघडायचे नाही, विटांतली उष्णता बरीच टिकते. गार झालेला मणी मी दोन पोलराइज्ड फिल्म आडव्याउभ्या धरून त्यांच्यामधून बघते. काचेत ताण उरला असेल तिथे उजळ डाग दिसतो, आणि तो मणी परत भट्टीत जातो.